माझ्या दोन आया आणि मुक्ताचं यंत्र

भाताच्या खाचरात खेकडे कुणी पाळत नाही. तरी बांधाच्या बिळात हात घातला की एकामागून एक निघतात, आणि प्रत्येक जण नांगी वर करूनच बाहेर येतो. माझ्या नातीच्या कामाचे किस्से तसेच झालेत. एक सांगायला घेतला की चार हाताला लागतात. सून म्हणते, "आत्या, हे सगळं कुटंतरी उतरवून ठिवा. भाकरी थापताना मला रोज नवी आवृत्ती ऐकावी लागती!"

मला लिहिता येत नाही. शाळेची पायरी मी चढते ती फक्त मतदानाला. म्हणून मी बोलते आणि नात टाइप करते. बोलणं माझं, शुद्धलेखन तिचं, असा करार आहे.

नातीचं नाव मुक्ता. कार्ल्याच्या खाली हायवेला लागून आमचं घर. खाली माझ्या लेकाचं पंक्चरचं दुकान, वर मुक्ताची खोली. कंपनी पुण्यात आणि मुक्ता इथं, असलं ते काम. तिच्या जोडीला रेहान, तळेगावचा. लॅपटॉप पाठीला लावून आमच्याकडंच येऊन बसतो. म्हणतो, "आजी, तुमच्याकडचं नेट चांगलं आहे." त्याची आई म्हणते, "नेट कसलं, तुमची आमटी!" या दोघांच्या वर अनघा मॅडम. त्यांना मी फक्त स्क्रीनवर बघितलंय, खांद्यापर्यंत. खाली पाय आहेत का, देव जाणे.

काम काय, ते मला मुक्तानं असं सांगितलं. लोक आपली वंशावळ कॉम्प्युटरात ठेवतात. मग विचारतात, माझ्या पणजीचं माहेर कुठलं, अमका माझा कोण लागतो. उत्तर माणूस देत नाही, एआय देतो. त्याला हे लोक एजंट म्हणतात. आता हा एजंट आपणहून वंशावळीत शिरत नाही. त्याच्या हातात टूल द्यावी लागतात. एक टूल माणूस शोधायचं, एक आईबाप सांगायचं, एक दोघांतलं नातं काढायचं. ती टूल रेहान बनवतो. आणि प्रत्येक टूलला एक चिठ्ठी बांधायची : हे कशाला, कधी घ्यायचं, कधी हात लावायचा नाही. एजंट ती चिठ्ठी वाचूनच टूल उचलतो. चिठ्ठी चुकली की बाबा कोयत्यानं दूध ढवळणार! त्या चिठ्ठ्या मुक्ता लिहिते. डॉक्युमेंटेशन म्हणतात त्याला.

मी विचारलं, "आनि याचा पगार देत्यात?"

"हो."

"चिठ्ठ्या लिहायचा?"

"हो गं आजी!"

चांगलं चाललेलं काम जास्त विचारून मोडू नये.

*

मुक्ताची एक सवय आहे. लिहून झालं की ते मोठ्यानं वाचायचं. इंग्रजीत लिहिते, वाचते मराठीत. म्हणते, "ज्याला यातलं काहीच माहीत नाही त्याला कळलं, तरच ते बरोबर."

"मग तुला लांब जायला नको," मी म्हटलं. "मी हितंच बसल्ये."

सुरुवातीला त्यांनी टूल तपासायला एक परदेशी कुटुंब घेतलं होतं, खोटंच. जॉन, मेरी, दोन मुलं, संपलं! ना चुलता, ना सावत्र, ना कुणी दत्तक. मी तांदूळ निवडत ऐकत होते. म्हटलं, "या बिचाऱ्यांच्या लग्नाला मांडवात कोण नाचलं आसंल?"

रेहान हसला, पण मग डोकं खाजवायला लागला. म्हणाला, "मुक्ता, असल्या घरावर कुठलंही टूल चालेल गं. खरं, गुंत्याचं घराणं पाहिजे."

दोघं एकदम माझ्याकडं बघायला लागले!

*

अनघा मॅडम तशा नियमाच्या. स्क्रीनवर येऊन म्हणाल्या, "आजी, तुमच्या घराण्याची माहिती वापरायची तर प्रत्येकाची परवानगी लागेल."

मी म्हटलं, "मेलेल्यांचं माझ्याकडं लागलं. जित्यांना मुक्ता इचारंल."

जित्यांमध्ये पहिला नंबर धोंडूभाऊंचा. म्हणजे माझे चुलत दीर, उर्स्याला असतात, सरकारी नोकरीतनं रिटायर झालेत. ते म्हणाले, "नाव टाका, गाव टाका, पर वय टाकायचं न्हाई. धाकट्याची सोयरीक बघतोय. बापाचं वय कळलं की लोक पोराचं वय काढत्यात."

मुक्तानं समजावलं, "आजोबा, जिवंत माणसाची माहिती बाहेर द्यायचीच नाही, असं चिठ्ठीत लिहिलंय मी. टूल सांगणारच नाही."

"दाखीव."

मुक्तानं विचारलं यंत्राला, म्हणजे त्या एजंटाला, धोंडूभाऊंचं वय काय? यंत्र म्हणालं, ही व्यक्ती जिवंत आहे, त्यामुळं माहिती देता येत नाही.

धोंडूभाऊ खूश! पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग खिशातला चष्मा काढून स्वतः वाचलं. म्हणाले, "मुक्ते, याची एक प्रिंट काढ."

"कशाला?"

"हयातीचा दाखला लागतोय पेन्शनला. तितं रांगेत उभं ऱ्हाण्यापरीस हेच लावतो!"

*

माणूस शोधायच्या टूलला मुक्तानं चिठ्ठी लिहिली : नाव द्या, माणूस मिळेल. मी म्हटलं, "आपल्या घराण्यात बाळू टाकून बघ."

आता आमच्यात बाळू किती, विचारू नका. एका हाकेला अख्खी आळी वळते. यंत्रानं काय करावं? पहिला सापडला तो बाळू धरला. मुक्तानं त्याला सांगितलं होतं, आमच्या बाळूकाकासाठी वाढदिवसाचा चांगला मजकूर लिही. लिहिला. लय सुंदर लिहिला. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. 'आपण असेच आमच्या पाठीशी उभे राहा', असं शेवटी.

फक्त तो दुसऱ्या बाळूला लिहिला होता. त्याचं वर्षश्राद्ध आम्ही नुकतंच जेवून आलो होतो. पाठीशी उभे राहा!

मुक्तानं चिठ्ठी बदलली. एकापेक्षा जास्त माणसं सापडली तर आपल्या मनानं निवडू नये, विचारावं. जित्या बाळूला हे कळल्यापासून तो वाढदिवसाला आमचा फोनच उचलत नाही.

*

मग आलं नात्याचं टूल. दोन माणसं द्यायची, ते सांगणार कोण कुणाचं कोण. मुक्तानं स्वतःचं आणि माझं नाव टाकलं. सोपं म्हणून.

यंत्र अडलं. आधी म्हणालं, ही वडिलांची आई. मग म्हणालं, नाही, ही आईच्या वडिलांची बहीण. मग लाल अक्षरात आलं : माहितीत चूक असण्याची शक्यता.

रेहान म्हणाला, "मुक्ता, तू डेटा भरताना काहीतरी घोळ घातलायस."

"मी नाही. नीट भरलंय."

"मग हे काय?"

मला खालून भाकरीचा वास येत होता, म्हणजे सून घरातच होती. मी जिन्यातून हाक मारली, "अगं, वर ये. तुझ्या लग्नात चूक निघाली म्हनं!"

ती पिठाच्या हातानं वर आली. मी तिला रेहानपुढं उभं केलं. म्हटलं, "ही माझ्या भावाची लेक. म्हंजी मी हिची आत्या. हिला मी माझ्या लेकाला करून घेतली. म्हंजी मी हिची सासू. आता मुक्ताला मी दोन वाटांनी लागते. ही चूक न्हाई बाबा, सोयरीक हाय!"

रेहाननं दोन्ही वाटा बोटांवर मोजून बघितल्या. मग म्हणाला, "आजी, आमच्यात तर चुलत्याच्या घरातही लग्न होतं. आमच्याकडं हे टूल नेलं तर त्याला चक्कर येईल."

मुक्तानं चिठ्ठीत वाढवलं : एकाच जोडीत अनेक नाती असू शकतात, सगळी सांगावीत, चूक समजू नये. सून जाता जाता म्हणाली, "हे कुनीतरी तवाच लिहून दिलं आस्तं तर! सासू म्हनून रागावू का आत्या म्हनून ऐकू, यातच माझी निम्मी वरसं गेली."

*

याच टूलवर एकदा रेहाननं गंमत केली. त्याची आई मला मावशी म्हणते. आमच्या खाचरातले इंद्रायणीचे तांदूळ तिच्याकडं जातात, ईदचा शिरखुर्मा इकडं येतो. तर त्यानं आईचं नाव आणि माझं नाव टाकलं.

यंत्र म्हणालं, नातं अस्तित्वात नाही.

रेहान हसत होता, पण त्यानं ते आईला फोनवर सांगितलं आणि पस्तावला. फोनमधून आवाज बाहेरपर्यंत आला, "त्याला म्हणावं, मावशीच्या बाळंतविड्याची गोधडी अजून आहे माझ्याकडं. तुलाच गुंडाळलं होतं त्यात!"

दुसऱ्या दिवशी मुक्तानं वाचून दाखवलं : 'नातं सापडलं नाही' एवढंच सांगावं. 'नातं नाही' असं म्हणू नये.

मी म्हटलं, "ही चिठ्ठी आमच्या आळीत पन वाट."

*

आता जे सांगते त्यात हसायचं कमी आहे. हसलात तरी चालेल, मीही हसले होते.

माझी आई मी पाहिलेली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी घोरावाडीला जन्मले, स्टेशनापलीकडच्या वस्तीत. आणि त्याच बाळंतपणात आई गेली. मला घेऊन बाप घरी आला आणि त्यानं दुसरं लग्न केलं.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं बोटानं नवं नाव लिहायचं. माझ्या आईचं सासरचं नाव होतं गंगू. दुसरी आली तिचंही नाव बापानं गंगूच ठेवलं. तशी चाल होती. पहिलीचं नाव दुसरीला दिलं की पहिली रुसत नाही म्हणत. आणि पहिलीचा चांदीचा टाक करून दुसरीनं गळ्यात घालायचा, सणाला पहिला घास त्या टाकाला दाखवायचा. धाकट्या आईनं तो टाक मरेपर्यंत काढला नाही. मला तिनंच वाढवलं. तिच्याविषयी वाकडा शब्द मी ऐकून घेत नाही. माझा भाऊ तिचा.

तर मुक्तानं दोघी वेगळ्या भरल्या होत्या. पण रेहानचं एक टूल होतं, एकच माणूस दोनदा भरला गेला असेल तर दोन्ही नोंदी जोडायचं. एजंटानं आपणहून ते उचललं. नाव गंगूबाई, नाव गंगूबाई. नवरा तोच. गाव तेच. जोडून टाकली! वर निरोपही दिला, एक चूक दुरुस्त केली आहे.

मुक्तानं मग विचारलं, गंगूबाईची माहिती सांग. यंत्र म्हणालं, गंगूबाईंचं पहिल्या बाळंतपणात निधन झालं. त्यानंतर त्यांना एक मुलगा झाला.

मीच म्हटलं, "माझी आई लय कामाची व्हती म्हनत्यात. पन इतकी न्हाई!"

*

हसणं संपल्यावर मी म्हटलं, "बरं, आता माझी आई परत काढ."

मुक्ता रेहानकडं बघायला लागली. रेहान म्हणाला, "आजी, जोडलेलं तोडायचं टूल अजून केलेलं नाही. तुमच्या आईला पुन्हा नव्यानं भरता येईल. पण भरली की तो पुन्हा जोडणार."

"का?"

"त्याला दोघींत फरकच दिसत नाही. नाव एक, नवरा एक, गाव एक. तारखा नाहीत. माझं टूल बरोबर चाललंय, आजी."

"बराबर हाय तुझं," मी म्हटलं. "पन माझी आई दे."

तो पाणी प्यायला उठला, तशी मी त्याच्या खुर्चीत बसले. ती चाकांची, फिरणारी. मांडी घालून बसले.

"आजी, उठा ना."

"आई आली की उठते."

त्यानं थोडा वेळ खिडकीत लॅपटॉप ठेवून उभ्यानं काम केलं. मग जिन्यावर बसला. तिथं नेट येईना. जेवायला बोलावलं तरी मी जागची हलले नाही. सुनेला म्हटलं, ताट वर आण. लेक दुकानातून ओरडला, "आई, ऑफिस हाय ते, सत्याग्रह कसला करतीस!" गिऱ्हाईकाची गाडी जॅकवर ठेवून तो बघायला वर आला, आणि मला खुर्चीवर गोल फिरताना बघून काही न बोलता खाली गेला.

दुपार कलली तसा रेहान म्हणाला, "मुक्ता, निदान खुर्चीसाठी तरी हे टूल बदलायला पाहिजे."

*

पण बदलायचं म्हणजे वेळ लागणार होता, आणि त्याच आठवड्यात सगळं गिऱ्हाइकांच्या हातात द्यायचं ठरलं होतं. जोडायच्या टूलच्या चिठ्ठीत आधीपासून एक कच्ची ओळ होती : हे टूल नोंदी सुरक्षितपणे जोडतं. मुक्ताला ती फक्त नीट करून द्यायची होती.

मुक्तानं ती खोडली. तिच्या जागी लिहिलं : हे टूल वापरल्यास एखाद्याची आई कायमची नाहीशी होऊ शकते. परत आणण्याची सोय नाही. आणि पाठवून दिलं!

अनघा मॅडमचा लगेच व्हिडिओ कॉल. मी खुर्चीतच होते, बाजूला सरकले.

"मुक्ता, डॉक्युमेंटेशनमध्ये असं कुणी लिहितं का?"

"त्यात खोटं काय आहे, मॅडम?"

"खोटं नाहीये. पण लोक घाबरतील."

"लोकांचं सोडा, एजंट घाबरला पाहिजे. त्याला दुसरं काही कळत नाही, तो चिठ्ठी वाचतो. 'सुरक्षित' वाचलं की तो दिसेल त्याला जोडत सुटेल. मी ते लिहिणार नाही."

"लाँच पुढं गेलं तर मला वरून विचारतील. तुझं नाव सांगू?"

आई माझी गेलेली, नोकरी कशाला पोरीची घालवा! मी तिचा दंड ओढला. तिनं माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "सांगा."

मॅडमनी स्क्रीनमधून इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आजी आहेत का तिथं?"

मी तोंड पुढं केलं. "हाय की."

"आजी, तुमच्या आईचं नाव काय?"

"गंगूबाई."

"आणि ज्यांनी वाढवलं त्यांचं?"

"गंगूबाई."

मॅडमनी चष्मा काढून बाजूला ठेवला. डोळे चोळले. मग म्हणाल्या, "रेहान, किती दिवस लागतील?"

मी खुर्ची सोडली.

*

रेहाननं दोन गोष्टी केल्या. एक, जोडायचं टूल आता आधी विचारणार. मुक्तानं चिठ्ठी लिहिली : या दोन व्यक्ती एकच आहेत का, हे माणसाला विचारावं. उत्तर येईपर्यंत थांबावं. दुसरी, प्रत्येक बाईच्या नोंदीत नवा रकाना, माहेरचं नाव. म्हणजे सासरी दोन गंगू असल्या तरी माहेरी वेगळ्या.

मग मुक्ता बसली आमच्या घराण्यातल्या बायकांना माहेरी नेऊन सोडायला. मी सांगत गेले, ती भरत गेली. सगळ्या जावा, नणंदा, चुलत सासवा. धाकट्या आईचंही मला ठाऊक होतं. दिवाळीला तिचा भाऊ न्यायला यायचा तो फाटकातनंच ओरडायचा, "चिमेऽ, आवर!" आणि त्या एका दिवसापुरती आमची गंगूबाई चिमी व्हायची, चालसुद्धा बदलायची तिची.

"आणि तुझं?" मुक्तानं विचारलं.

"येसू."

ती टाइप करायची थांबली. खालून लेक चहा घ्यायला आला होता, तोही दारात थांबला.

"आई, तुझं नाव येसू?"

"व्हतं."

"आन आधार कार्डावर पार्वती हाय की!"

"आधार कार्ड लग्नानंतर आलं, बाबा!"

खरं तर मला येसू म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. बापसुद्धा फार म्हणत नसे. पोरी म्हणायचा, बाय म्हणायचा. जास्तीत जास्त, "ए".

आता राहिली फक्त माझी आई. मुक्तानं विचारलं आणि मी तोंड उघडलं, पण आत काही नव्हतंच. गावातल्या प्रत्येक बाईचं माहेर मला पाठ. माझ्या आईला तिच्या आईनं काय हाक मारली, ते मला कधी कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मुक्ता हळूच म्हणाली, "आजी, 'माहीत नाही' असंही लिहिता येतं."

"न्हाई," मी म्हटलं. "मॅडमशी भांडून जागा केलीस, आनि आता ती रिकामी सोडतीस व्हय? चल, उठ. रेहान, गाडी काढ."

*

घोरावाडीला आता फक्त मामी आहे, माझ्या धाकट्या मामाची बायको. माझ्याहून थोडीच मोठी. लग्न होऊन आली तेव्हा मी परकरात होते, सुट्टीला जायचे. आता तिला डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान शाबूत. आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर वाल सोलत बसली होती. मुक्तानं लॅपटॉप मांडीवर घेतला, रेहान पायरीवर बसला.

"कोन? टायरवाल्याची आई व्हय?" मामी म्हणाली. "आज कसा टायर पंक्चर झाला हितं?"

मी म्हटलं, "मामी, एक इचारायला आल्ये. माझ्या आईचं माहेरचं नाव काय व्हतं?"

मामी हसायला लागली. "हे इचारायला गाडी करून आलीस?"

"व्हय."

"आनि तुला ठाव न्हाई?"

"मला कुनी सांगितलं?"

तिचं हसू थांबलं. वालाची शेंग हातातच राहिली. पलीकडून लोकल गेली.

"आत्ती तुला हाक कशी मारायच्या, ध्यानात हाय?"

आत्ती म्हणजे तिची सासू, माझ्या आईची आई. माझ्या ध्यानात होतं. मला विसरायला येत नाही, हा माझा रोग आहे. याच ओट्यावर आजी मला मांडीवर घेऊन बसायची, केसांत तेल घालायची, आणि मध्येच समोरच्या बांधाकडं बघून लांब हाक मारायची, "येसूऽऽ... ए येसूऽऽऽ!"

"मी म्हनायचे, आजे, मी हितं हाय की, तुझ्या मांडीवर," मी म्हटलं.

"मग त्या काय म्हनायच्या?"

"म्हनायची, तू गप."

मामीनं शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि दुसरी घेतली. "ती हाक तुला नसायची, तुझ्या आईला असायची; तिचंच नाव तुला ठिवलेलं."

मुक्तानं माझ्या आईला पुन्हा नव्यानं भरायला घेतलं. माहेरचं नाव, येसू. जन्मगाव, घोरावाडी. तारीख, माहीत नाही. आई आणि लेक अशी रेघ अजून ओढायची होती, तेवढ्यात स्क्रीनवर काहीतरी आलं. मुक्तानं ते वाचलं आणि लॅपटॉप रेहानकडं फिरवला. मग रेहाननं वाकून वाचलं.

"येसू, जन्म घोरावाडी. येसू, जन्म घोरावाडी. या दोन व्यक्ती एकच आहेत का?"

ओट्यावर सगळे माझ्याकडं बघत होते. मामीसुद्धा, तिला नीट दिसत नसूनही.

"आजी," रेहान म्हणाला, "तो थांबलाय. तुम्ही सांगितल्याशिवाय पुढं जाणार नाही."

मी मामीपुढची एक शेंग उचलली.

"थांबू दे की," मी म्हटलं. "त्याला कसली घाई हाय?"